भंगारातल्या शिशाच्या स्वच्छ लगडी: पहिल्यांदाच ओतणाऱ्यांसाठी

शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. एवढी उष्णता गॅसच्या कुठल्याही दणकट शेगडीवर मिळते, म्हणून हे काम सोपं वाटतं, आणि नुसतं वितळवणं सोपं आहेही. जपायच्या गोष्टी दोन: रसात ओलावा जाऊ द्यायचा नाही आणि शिशाची धूळ घरात न्यायची नाही. लगड स्वच्छ निघणार की नाही, हे तर बरंचसं शेगडी पेटवण्याआधी, भंगार निवडतानाच ठरतं. म्हणून इथे आचेपेक्षा निवडीबद्दल जास्त लिहिलं आहे. तो भाग गाळून पुढे जाऊ नका.

आधी विषाबद्दल

शिसं विषारी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ते शरीरात कोणत्या वाटेने जातं याबद्दल मात्र गैरसमज आहेत. लोक घाबरतात ते वाफेला. पण शिसं उकळतं १७४९ अंशांना; ४०० अंशांच्या आसपास त्याची वाफ फारच थोडी होते. जास्त नुकसान करते ती धूळ. वितळलेल्या रसावर करडी-पिवळी मळी जमते. ती म्हणजे मुख्यतः शिशाची ऑक्साइडं, आणि ती पिठासारखी बारीक असते. झाऱ्याने काढताना, डब्यात टाकताना, जमीन झाडताना ती उडते, नाकात जाते, बोटांवर बसते आणि बोटांवरून तोंडात पोहोचते. म्हणून काम सुरू झाल्यापासून हात धुऊन होईपर्यंत खाणं, पाणी पिणं, धूम्रपान, तंबाखू, यातलं काहीच नको. घाम पुसायलाही हात तोंडाकडे नेऊ नका.

रक्तात गेलेलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत साठलेलं दशकानुदशकं तिथेच राहतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो तो भरून निघत नाही, आणि त्यांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. त्यामुळे मुलं आणि गरोदर स्त्रिया या कामाच्या आसपासही नकोत. नुसतं बघायलासुद्धा नाही. वर्षातून दोन-चार वेळांपेक्षा जास्त ओतकाम करणार असाल, तर सुरुवात करण्याआधी रक्तातल्या शिशाची तपासणी करून आकडा लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा करा. आकडा चढत असेल तर तुमच्या पद्धतीत कुठेतरी धूळ सुटते आहे असं समजा.

जागा उघडी हवी. स्वयंपाकघर, बाल्कनी, बंद गॅरेज यांतलं काहीही चालणार नाही. चारही बाजूंनी मोकळी आणि वर छप्पर असलेली शेड उत्तम, कारण अचानक आलेल्या पावसाचा एक थेंबही रसात पडता कामा नये. वारा पाठीमागून किंवा बाजूने यावा, तोंडावर नाही. भाज्यांचे वाफे, विहीर, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब राहा. जमिनीत गेलेलं शिसं आपोआप नाहीसं होत नाही. काही ठिकाणी घरी शिसं वितळवण्यावर बंधनं असतात, तीही आधी पाहून घ्या.

अंगावर काय हवं? पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, सुती पँट, आणि घोटा झाकणारे चामड्याचे बूट. पँट बुटांच्या वरून सोडा, आत खोचू नका. नाहीतर उडालेला थेंब सरळ बुटात उतरतो. कृत्रिम धाग्याचं कापड वितळून कातडीला चिकटतं, ते नको. हातमोजे चामड्याचे, रुंद मनगटाचे, एका झटक्यात निघतील असे. डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर चेहरा पूर्ण झाकणारी ढाल. एकाच्या ऐवजी दुसरं चालत नाही. श्वासासाठी पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) गाळण्या बसवलेला रबरी अर्धमुखी मास्क घ्या. कापडी किंवा कागदी मास्क या धुळीला पुरत नाही, आणि दाढी असेल तर चांगला मास्कही कडेने हवा सोडतो.

भांडी आणि अवजारं

भांडं बिडाचं किंवा जाड पोलादी पत्र्याचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कधीही नको: अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळत असलं तरी त्याच्या खूप आधी मऊ पडतं, आणि तळाला आच एका जागी लागली की भरल्या भांड्याचा बूड खाली येतो. गॅल्व्हनाइज्ड बादली किंवा घमेलं नको, त्यावरचं जस्त शिशात उतरतं. डाग देऊन जोडलेल्या कानांचं भांडं तर हातातच सुटेल. जुनी बिडाची कढई असेल तर आधी उलटी करून तडे बघा आणि बोटाने वाजवा. तडा असेल तर आवाज बद्द येतो.

आता वजन. शिशाची घनता ११.३४ आहे, म्हणजे पाण्याच्या अकरापटीहून जास्त. वितळल्यावर ती थोडी कमी होते, सुमारे १०.७. दोन लिटरचं भांडं काठोकाठ भरलं तर एकवीस किलोंहून जास्त रस होतो, दहा लिटरचं भरलं तर शंभराच्या वर. स्वयंपाकाची शेगडी यासाठी बनवलेली नसते. तिचा पाय वाकला तर काय होईल याची कल्पना करा. पहिल्यांदा दोन-तीन लिटरचं भांडं पुरे, तेही पाऊणच भरायचं. स्टँड बुटका, रुंद बैठकीचा, सपाट जमिनीवर ठेवलेला हवा, आणि सुमारे साठ किलो भार ठेवून आधी हलवून पाहिलेला. गॅसची टाकी आणि नळी स्टँडपासून नळी पुरेल तितकी लांब ठेवा. नळी कुठेही भांड्याखालून किंवा ओतायच्या जागेतून जाता कामा नये. भांडं रस असताना उचलायचं नाही, सरकवायचंही नाही. जे काही काढायचं ते पळीने.

बाकी सामान असं: पोलादी पळी, जिच्यात शंभर मिलिलिटर मावेल (म्हणजे साधारण एक किलो रस, पाव लिटरची पळी भरली की पावणेतीन किलोच्या घरात जाते आणि मनगट थरथरतं), लांब दांड्याचा पोलादी झारा, पक्कड आणि सांडशी, ढवळायला हातभर लांबीची, पूर्ण वाळलेली लाकडी काठी, मळीसाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, भांड्याला बसेल असं पोलादी झाकण, आणि के-टाइप थर्मोकपलचं (म्हणजे रसात बुडवायच्या धातूच्या सळीचं) तापमापक. तापमापकावर पैसे वाचवू नका. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तापमानावर अवलंबून आहे, आणि रसाकडे बघून ३५० आणि ४३० अंशांतला फरक नवख्याला कळत नाही. ही सगळी भांडी शिशाचीच झाली. धुऊनही ती पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाहीत, म्हणून त्यांवर रंगाने ठळक खूण करून टाका.

काय घ्यायचं, काय दूर ठेवायचं

छपरावरचा आणि भिंतीच्या सांध्यांवरचा शिशाचा पत्रा, जुन्या पाण्याच्या नळ्या, केबलवरचं आवरण, एक्स-रे खोल्यांच्या भिंतींतला पत्रा: हे बहुतेक मऊ शिसं असतं, नखाने ओरखडा उठतो. चाकांची संतुलन-वजनं दोन जातींची. क्लिपने अडकवायची वजनं शिसं-अँटिमनीच्या मिश्रधातूची असतात. त्यांत अँटिमनी साधारण दोन ते चार टक्के आणि कथील अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा कमी. चिकटवायची वजनं जवळपास शुद्ध शिशाची. छापखान्यातले खिळे आणखी कठीण. लायनोटाइपच्या (अख्ख्या ओळी ओतणाऱ्या छपाई-यंत्राच्या) धातूत सुमारे बारा टक्के अँटिमनी आणि चार टक्के कथील असतं आणि तो २४० अंशांच्या आसपासच वितळतो. असा धातू मऊ शिशात मिसळून टाकणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं. जाती वेगळ्या ठेवा, वेगळ्या वितळवा.

जस्त हा या कामातला सर्वांत चिवट त्रास. चाकांच्या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही वजनं मिसळलेली असतात, आणि रंग उडाला की तिन्ही सारखीच दिसतात. पुष्कळ वजनांवर अक्षरं उठवलेली असतात: पी-बी म्हणजे शिसं, झेड-एन म्हणजे जस्त, एफ-ई म्हणजे लोखंड. अक्षरं नसतील तर कापायच्या पक्कडीने कडेला दाबा. शिशात पातं लोण्यासारखं रुततं, जस्तावर फक्त घसरतं किंवा बारीक खूण उठते. फरशीवर टाकून आवाजही ऐका: शिसं थप्प पडतं, जस्त खणकन वाजतं. लोखंडाला चुंबक लावा. शंका राहिलीच तर कानशीने कोरं केलेल्या जागी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडा. जस्तावर लगेच बुडबुडे उठतात, शिशावर तसं काही दिसत नाही. पाच किलो वजनं निवडायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो द्या. जस्त एकदा रसात उतरलं की काढणं फार जिकिरीचं असतं.

काही वस्तू तर शेगडीपर्यंत नेऊच नका.

पहिली, वाहनांची आणि इन्व्हर्टरची बॅटरी. तिच्यातलं बरंचसं शिसं धातुरूपात नसतंच, सल्फेट आणि ऑक्साइडच्या लगद्यात असतं; गंधकाम्ल असतं; आणि पट्ट्यांच्या मिश्रधातूत अँटिमनी, कधी आर्सेनिक, कधी कॅल्शियम. अशा मळीला ओलावा किंवा आम्ल लागलं तर आर्साइन आणि स्टिबाइन हे वायू निघू शकतात, आणि दोन्ही जीवघेणे आहेत. बॅटरी जशी आहे तशी, न फोडता, पुनर्वापर केंद्रात द्या.

दुसरी, उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाला वितळणारे मिश्रधातू. किरणोपचारात किरण अडवायला वापरलेल्या ठोकळ्यांत बिस्मथबरोबर कॅडमियम असू शकतं. ते ७० अंशांच्या सुमाराला वितळतात. अनोळखी ठोकळा असेल तर त्याचा कपचा काढून उकळत्या पाण्यात टाकून बघा. मऊ पडला किंवा वितळला तर तो तसाच बाजूला ठेवा. रुग्णालयातून किंवा प्रयोगशाळेतून आलेली, किरणोत्साराची खूण असलेली कोणतीही वस्तू हातीच घेऊ नका.

तिसरी, आतून बंद पोकळी असलेलं काहीही: दोन्ही टोकं चेपलेली नळी, पोकळ वजन, गोळीबाराच्या सराव-मैदानातल्या ढिगात राहिलेली न उडालेली काडतुसं. पोकळीत पाणी, तेल किंवा बंदुकीची दारू असते. नळ्या उभ्या चिरून, उलगडून सपाट करा. काडतुसं एकेक डोळ्यांखालून घालून वेगळी काढा.

प्लॅस्टिक, रबरी वॉल्व्ह, चिकटपट्टी, डांबर, तेलात भिजलेला कागद हे सगळं थंडपणी ओरबाडून काढा. पीव्हीसी जळालं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू होतो. जुन्या तेलभरल्या केबलींचं आवरण नवख्यांनी घेऊच नये, त्यातलं तेल काय होतं ते सांगता येत नाही. घासताना मात्र कोरडं घासू नका, धूळ उडते: ओल्या फडक्याने किंवा ओल्या ब्रशने घासा, आणि मग नीट वाळवा.

वाळवणं

पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होतं. रसाच्या वर पडलेला थेंब तडतडून उडतो; रसाच्या खाली दबलेला थेंब मात्र एका क्षणात वाफ होतो आणि वरचं सगळं शिसं उडवून देतो, छपरापर्यंत. या कामातले गंभीर अपघात बहुतेक असेच होतात, आणि ओलावा डोळ्यांना दिसेल इतका असावा लागत नाही. थंडीत बाहेर ठेवलेल्या थंडगार लगडीवर दव बसतं तेवढंही पुरतं. गंजाच्या खपल्या, पत्र्याच्या घड्या, केबलच्या आवरणाच्या सुरकुत्या यांत पाणी दिवसेंदिवस राहतं.

म्हणून दोन गोष्टी. एक, भंगार दोन दिवस उन्हात किंवा कोरड्या जागी पसरून ठेवा, घड्या उघडून. दोन, आणि हीच महत्त्वाची: सगळं भंगार थंड भांड्यात भरा आणि मगच शेगडी पेटवा. अशा वेळी ओलावा शंभर अंशांना निघून जातो, शिसं वितळतं ३२७ ला. मधला सगळा वेळ वाळवण्याचा. आच सुरुवातीला मध्यम ठेवा, म्हणजे हा वेळ जास्त मिळेल.

चालू रसात नवीन भंगार टाकायचा मोह होतोच, कारण वितळल्यावर भांडं अर्धं दिसतं. टाकू नका. एक घाणा ओतून झाला की तळाशी दोन बोटं रस राहू द्या, शेगडी बंद करा, तो घट्ट होऊ द्या, त्यावर पुढचं कोरडं भंगार रचा आणि पुन्हा पेटवा. तळाशी गोठलेला थर असला की दुसऱ्या वेळी आच अगदी मंद ठेवून सुरुवात करा. शिसं वितळताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. तळ वितळला आणि वरची चकती अजून घट्ट असली तर रस फटीतून पिचकारीसारखा वर येऊ शकतो.

वितळवणं

दहा किलो शिसं साध्या तापमानापासून वितळायला जेमतेम तेवढीच उष्णता लागते जेवढी दोन लिटर पाणी उकळीला आणायला. तरी पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, कारण वेडेवाकडे तुकडे भांड्याला मोजक्या बिंदूंवर टेकलेले असतात. तेवढ्यासाठी आच वाढवू नका. तळाशी थोडा रस झाला की तुकडे त्यात बसतात आणि मग काम झपाट्याने होतं. झाकण अर्धवट ठेवलं तर गॅस वाचतो.

काटा ३४० ते ३६० अंशांत स्थिर ठेवा. शिशाखेरीज जे आहे ते जवळजवळ सगळं वर तरंगतं: पोलादी क्लिपा, खिळे, दगड, रंगाच्या खपल्या, आणि निवडीतून निसटलेलं जस्तही. जस्त वितळतं ४१९.५ अंशांना, म्हणून ३८० च्या खाली ते घट्टच राहतं आणि झाऱ्याने उचलता येतं. पण ते रसात रेंगाळू देऊ नका. न वितळताही त्यातलं थोडंथोडं शिशात विरघळत जातं. झारा आधी भांड्यावर धरून गरम आणि कोरडा करा, मग बुडवा. क्लिपा उचलून भांड्याच्या काठावर ठोका, म्हणजे चिकटलेलं शिसं परत आत पडेल, आणि त्या कोरड्या पत्र्याच्या डब्यात टाका. राहिलेली राखाडी साय मात्र आत्ता काढू नका. तिच्यात धातू आहे.

मळीतून धातू परत मिळवणं

नवखे इथेच सर्वांत जास्त शिसं फेकून देतात. वर आलेली करडी मळी ‘घाण’ समजून काढून टाकली तर तिच्याबरोबर शिशाची आणि कथिलाची ऑक्साइडं जातात, आणि त्यांत अडकलेले धातूचे थेंबही जातात. आधी कार्बन देऊन ही ऑक्साइडं परत धातूत आणायची, आणि मग जे उरेल तेच काढायचं.

सर्वांत चांगलं साधन म्हणजे साध्या लाकडाचा पूर्ण वाळलेला भुसा. प्लायवूडचा, रंगवलेल्या किंवा वाळवीविरुद्ध औषध लावलेल्या लाकडाचा नको, त्यात डिंक, रसायनं आणि कधी आर्सेनिकही असतं. रसाचं तापमान ३७० ते ४०० वर न्या. भुसा रसावर हळूहळू पसरा, बोटभर जाडीचा थर होईल इतका, आणि लगेच ढवळू नका. आधी तो तपकिरी होईल, धूर येईल, मग काळा. लांब लायटरने धूर पेटवून द्या. पेटलेला धूर डोळ्यांना कमी झोंबतो. पूर्ण कोळसा झाला की, म्हणजे त्यात ओलावा उरलेला नाही अशी खात्री झाली की, लाकडी काठीने ढवळा. काठीने भांड्याच्या कडा आणि तळ खरवडा, कारण घाण रसापेक्षा हलकी असूनही भांड्याला चिकटून खाली राहते. काठी रसात जळून काळी पडते, तोही कार्बनच. हे पाच-सहा मिनिटं चालू द्या. कोळसा शिशाच्या ऑक्साइडातला ऑक्सिजन ओढून घेतो, काही प्रमाणात कथिलाच्याही, आणि धातू रसात परत जातो. कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त यांच्या ऑक्साइडांवर मात्र या तापमानाला कार्बनचं काही चालत नाही. ती भुकटीतच राहतात. शुद्धीकरण होतं ते याचमुळे.

भुकटी करडी, मोकळी, धातूच्या चमकेशिवाय दिसू लागली की ती झाऱ्याने अलगद, न आपटता, डब्यात काढा आणि झाकण लावा. हाच क्रम दुसऱ्यांदा करा. फार मळकं भंगार असेल तर तिसऱ्यांदा. शेवटी सुपारीएवढा मेणाचा तुकडा टाकून, पेट घेतल्यावर एकदा ढवळलं की पृष्ठभाग आरशासारखा होतो. मेण भडकून पेटतं, तेव्हा चेहरा भांड्यावर नको. ज्वाळा जास्त झाली तर झाकण ठेवा. पाणी नाही, कधीच नाही.

टाकणखाराचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो घेऊ नका. टाकणखार ७४० अंशांच्या वर वितळतो, म्हणजे शिशाच्या रसावर तो नुसता पडून राहतो, आणि साध्या टाकणखारात स्फटिकांतलं पाणी असतं, ते तडतडतं. राळ चालते, पण धूर फार करते आणि भुशापेक्षा वेगळं काही देत नाही.

४५० च्या वर जाऊ नका. रस जितका गरम तितकी साय लवकर धरते, आणि धूरही वाढतो. स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर लगेच पिवळी, मग निळी-जांभळी झाक पसरू लागली तर शिसं मऊ आहे आणि आच जरा जास्त आहे असं समजा.

ओतणं

साचे आधीच रांगेत, सपाट आणि पक्क्या जागी मांडून ठेवा, भांड्यापासून एका पावलावर. अँगल आयर्नचे तुकडे जोडून केलेला साचा किंवा बिडाचा साचा वर्षानुवर्षं टिकतो. अ‍ॅल्युमिनियमचा साचाही उत्तम, त्याला शिसं चिकटत नाही. (भांडं म्हणून अ‍ॅल्युमिनियम नको ते सतत आच लागते म्हणून, साच्यात धातू लगेच थंड होतो.) कपकेकचा पोलादी ट्रे वापरता येतो, पण दोन अटींवर. त्यावर न चिकटणारा काळा लेप नको, तो एवढ्या उष्णतेला विषारी वायू सोडतो. आणि कथिलाचा मुलामा असेल तर शिसं त्याला डाग दिल्यासारखं जोडलं जातं. असा ट्रे आधी गंजू द्या किंवा मेणबत्तीची काजळी आतून धरू द्या.

लगड लहानच बरी. शंभर मिलिलिटरचा साचा म्हणजे एक किलोपेक्षा थोडं जास्त. एवढी लगड उचलायला, मोजायला, पुढच्या कामाच्या छोट्या भांड्यात मावायला सोयीची पडते.

साचा १२० ते १५० अंशांपर्यंत तापवून घ्या, शेगडीच्या कडेला ठेवून किंवा वरून ज्योत फिरवून. याचं मुख्य कारण ओलावा. लगडीचा चेहरा चांगला येतो तो जोडीला मिळालेला फायदा. गंजलेल्या साच्याच्या खड्ड्यांत पाणी धरून राहतं, म्हणून वापरात नसलेला साचा प्रत्येक वेळी तापवायचाच.

रस ३८० च्या आसपास असू द्या. पळी भांड्यात एक मिनिट बुडवून गरम करा, नाहीतर तिच्यातच धातू गोठेल. पळीच्या पाठीने साय बाजूला सारा, खालचा स्वच्छ रस घ्या, आणि साच्याच्या मधोमध, जवळून, एका सलग धारेत ओता. थांबून-थांबून ओतलं तर थर पडतात. काठापासून चार-पाच मिलिमीटर खाली थांबा. लगड मध्ये खळगीसारखी खचेल. गोठताना शिसं आकसतं, त्यामुळे तसं होणारच. खळगी भरायला वरून पुन्हा रस ओतू नका.

वरची चमक जाऊन पृष्ठभाग निस्तेज झाला तरी आत रस असतो. एक किलोच्या लगडीला पाच मिनिटं हात लावू नका, मोठी असेल तर दहा. मग साचा कोरड्या लाकडी फळीवर उलटा करा. निघत नसेल तर आणखी थांबा. थंड झाली की लगड आकसून सुटते. पाण्यात टाकून थंड करायची घाई नको. त्याने एक तर भांड्याजवळ पाण्याची बादली येते, आणि दुसरं म्हणजे ओली लगड पुढच्या घाण्यात जाते. लगडी तासभर तशाच राहू द्या. दिसायला थंड वाटली तरी ती दोनशे अंशांची असू शकते.

काय बिघडतं आणि का

रस फाटलेल्या दुधासारखा गुठळ्या धरतो, साच्याच्या कोपऱ्यांत जात नाही, तापमान वाढवूनही सुधारत नाही: जस्त गेलं आहे. रस हळूहळू ३३५ अंशांपर्यंत थंड करा. तापमान उतरतं तशी शिशाची जस्त धरून ठेवायची क्षमता कमी होते आणि जस्ताची कवचं वर येतात. ती गरम न करता काढा. सगळं जस्त निघत नाही. अशा लगडींवर वेगळी खूण करा आणि त्या साध्या वजनांसाठीच वापरा, चांगल्या धातूत मिसळू नका.

लगडीवर सुरकुत्या किंवा थरांच्या रेघा आल्या तर साचा किंवा रस थंड होता. पृष्ठभाग बर्फ पडल्यासारखा भुरकट आला तर उलट, साचा फार तापला आहे. अँटिमनी असलेल्या धातूत हे जास्त दिसतं आणि त्याने काही बिघडत नाही. तळाशी काळे कण अडकले तर भांड्याच्या कडा खरवडायच्या राहिल्या होत्या. ओतताना तडतड झाली तर तिथेच थांबा, सगळे साचे पुन्हा तापवा.

रस अंगावर सांडला तर भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. कातडीला चिकटलेलं शिसं ओढून काढू नका, डॉक्टर काढतील. म्हणजे पाणी हवं, पण ते शेडच्या बाहेर, दहा-पंधरा पावलांवर.

मळी, कपडे आणि हात

मळीचा डबा पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका, आणि त्यावर पाणी तर मुळीच मारू नका. थंड झाल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ‘शिशाची मळी, विषारी’ असं लिहा. ती कचऱ्यात किंवा जमिनीत टाकायची नाही. घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला किंवा शिसं शुद्ध करणाऱ्या कारखान्याला द्यायची. मळीत अजून पुष्कळ शिसं असतं.

जमीन झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बंद पिशवीत टाका. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने धूळ गाळणीतून पार होऊन सगळीकडे पसरते. मास्क सर्वांत शेवटी काढा, साफसफाई झाल्यावर. बूट शेडमध्येच राहतील. कपडे बाहेरच उतरवून पिशवीत भरा आणि घरातल्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवा. हात, मनगटं, चेहरा साबणाने नीट चोळून धुवा, नखांखाली ब्रश फिरवा, मग पूर्ण अंघोळ. अल्कोहोलचं सॅनिटायझर इथे निरुपयोगी आहे, ते शिसं उचलत नाही, फक्त पसरवतं.

खुणा आणि साठवण

महिन्याभराने सगळ्या लगडी सारख्याच दिसतात. थंड झाल्या की त्याच दिवशी पंचाने किंवा पक्क्या शाईने जात आणि तारीख टाका: मऊ, चाकांची वजनं, छापखाना, जस्तमिश्रित. खूण नसलेली लगड सापडलीच तर नखाने ओरखडून आणि फरशीवर टाकून बघा. मऊ शिसं बद्द वाजतं, अँटिमनी असलेलं जरा खणखणीत. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा (कठीण गोळी धातूत दाबून मोजलेला) साधारण पाच असतो, क्लिपच्या वजनांचा दहाच्या आसपास, लायनोटाइपचा बावीसच्या आसपास. नेमकं हवं असेल तर कठीणपणा मोजायचं छोटं यंत्र मिळतं.

लगडी पत्र्याच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या पेटीत, जमिनीलगत, कोरड्या जागी ठेवा. दहा लिटरची बादली काठोकाठ रचली तर साठ-सत्तर किलो होते आणि कडी हातात येते, तेव्हा पाव बादलीवर थांबा. ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटात शिसं ठेवू नका: अशा लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ निघते, तिने लगडींवर पांढरी भुकटी धरते. ती भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट, मळीइतकाच विषारी. दिसली तर फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि लगड नीट वाळवून दुसऱ्या पेटीत ठेवा.